विश्लेषण : गृहकर्जाचा हप्ता, जुनी देणी की निवृत्तीची पुंजी? नवी मुंबईकरांनी आधी कशाला हात घालावा?

रिझर्व्ह बँकेने २०२५ या एका वर्षात रेपो दर ६.५० टक्क्यांवरून ५.२५ टक्क्यांवर आणला. त्याच वर्षी सिडकोच्या सोडतीत हजारो कुटुंबांना नवी मुंबईत घर लागले. व्याज घटल्याने महिन्याकाठी काही पैसे सुटे होणार, हे खरे. पण ते गृहकर्जात भरायचे, क्रेडिट कार्डाची थकबाकी मिटवायची की निवृत्तीसाठी बाजूला ठेवायचे? तिन्ही गोष्टी एकाच पगारातून करायच्या असतील तर क्रम काय असावा, याचा आढावा.

नवी मुंबईत हा प्रश्न इतका अवघड का?

घरांच्या किमती आणि उत्पन्न यांच्यातील अंतर हे याचे पहिले कारण. सिडकोने ‘माझे पसंतीचे सिडकोचे घर’ योजनेतील २६ हजार घरांच्या किमती जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केल्या. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठीच्या घराची किंमत तळोजा सेक्टर २८ मध्ये २५.१ लाख रुपये होती, तर खारघर बस डेपो येथे ४८.३ लाख. या गटासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ६ लाख, म्हणजे महिना ५० हजार रुपये. किमतींवरून बरीच नाराजी व्यक्त झाल्यानंतर डिसेंबर २०२५ मध्ये दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटातील घरे १० टक्क्यांनी स्वस्त करण्याची घोषणा झाली.

ही कपात धरूनही हिशेब मांडून पाहा. खारघरचे घर साधारण ४३.५ लाखांना पडते. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के रक्कम देऊ शकते. म्हणजे कर्ज सुमारे ३४.८ लाख आणि स्वतःचे ८.७ लाख. ८ टक्के व्याज आणि २० वर्षे मुदत धरली तर हप्ता येतो सुमारे २९,१०० रुपये. ५० हजारांच्या उत्पन्नातील ५८ टक्के रक्कम एकट्या हप्त्यात जाते. तळोजातील घरासाठी हेच प्रमाण ३४ टक्क्यांच्या आसपास राहते, कारण किंमत कमी आहे आणि ३० लाखांपर्यंतच्या कर्जात ९० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. पंतप्रधान आवास योजनेच्या २.५ लाखांच्या अनुदानाने भार काहीसा हलका होतो, पण खारघरचे गणित त्याने पूर्ण बदलत नाही.

खासगी प्रकल्पांत घर घेणाऱ्यांची अवस्था वेगळी नाही. बँक जी रक्कम देत नाही ती कुठून तरी उभी करावी लागते. मुद्रांक शुल्क, नोंदणी, फर्निचर यांचा खर्च वेगळाच. मग पीएफमधून उचल, पतपेढीचे कर्ज, सोने तारण, वैयक्तिक कर्ज असे सगळे दरवाजे ठोठावले जातात. घराचा ताबा मिळेपर्यंत भाडे आणि हप्ता दोन्ही भरायचे असतील तर रोजचा खर्च क्रेडिट कार्डावर जातो. गृहकर्ज सुरू होते तेव्हाच घरात दोन-तीन जुनी देणी बसलेली असतात आणि पीएफ अर्धा रिकामा झालेला असतो.

एका कुटुंबाचे उदाहरण घेतले तर?

समजा, कामोठ्यात राहणारे एक जोडपे आहे. नवरा ३८ वर्षांचा, बायको ३६ वर्षांची. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १ लाख १० हजार रुपये. गृहकर्ज ४५ लाख, मुदत २० वर्षे, सुरुवातीचा दर ९ टक्के, हप्ता ४०,४८८ रुपये. घराच्या अंतर्गत सजावटीसाठी घेतलेले ३ लाखांचे वैयक्तिक कर्ज १४ टक्क्यांनी, तीन वर्षांसाठी, हप्ता १०,२५३ रुपये. शिवाय क्रेडिट कार्डावर ८० हजारांची थकबाकी.

दोन कर्जांचे हप्तेच ५०,७४१ रुपये होतात, म्हणजे पगाराच्या ४६ टक्के. घरखर्च, शाळेची फी, सोसायटीचा देखभाल खर्च जाऊन महिन्याला १२ हजार रुपये उरतात. या १२ हजारांवर चार जण हक्क सांगतात : कार्ड, वैयक्तिक कर्ज, गृहकर्ज आणि निवृत्ती.

आधी कोणते कर्ज मिटवायचे?

नियम साधा आहे. रक्कम मोठी कोणती हे पाहू नये, दर मोठा कोणता हे पाहावे. गृहकर्जाचा आकडा ४५ लाख असल्याने भीती त्याचीच वाटते. प्रत्यक्षात सर्वांत महाग आहे ते ८० हजारांचे कार्ड.

कार्डावर महिन्याला ३.५ टक्के व्याज लागत असेल तर वर्षाचा दर ४२ टक्के होतो. ८० हजारांवर एका महिन्याचे व्याज २,८०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ५०४ रुपये, एकूण ३,३०४ रुपये. बिलावर ‘किमान देय रक्कम’ ४ हजार दाखवली असेल आणि तेवढीच भरली, तर मूळ थकबाकीतून केवळ ६९६ रुपये कमी होतात. दरमहा ४ हजारच भरत राहिल्यास, नवी खरेदी एका रुपयाची न करताही, थकबाकी संपायला साडेतीन वर्षांहून अधिक काळ लागतो. दरमहा १२ हजार भरल्यास तीच थकबाकी आठ महिन्यांत संपते.

कार्ड मिटेपर्यंत गृहकर्जात जास्तीचा एक रुपयाही भरण्यात अर्थ नाही. ४२ टक्क्यांचे देणे बाजूला ठेवून ८ टक्क्यांचे देणे फेडणे म्हणजे टाकीचा नळ वाहता ठेवून थेंब पुसत बसण्यासारखे आहे. कार्डाची थकबाकी कमी दराच्या हप्त्यांत बदलून घेणे किंवा सोने तारणावर कर्ज काढून ती फेडणे हाही मार्ग आहे. अट एकच, मोकळ्या झालेल्या कार्डावर पुन्हा खरेदी सुरू व्हायला नको.

सगळी देणी गृहकर्जाच्या ‘टॉप-अप’मध्ये वळवावीत का?

बँकांकडून असे फोन सतत येतात. दर कमी, हप्ता कमी, हे ऐकायला बरे वाटते. इथे मुदतीकडे लक्ष द्यावे. १४ टक्क्यांचे ३ लाखांचे कर्ज तीन वर्षांत फेडल्यास एकूण व्याज जाते सुमारे ६९ हजार. तेच ३ लाख ८.५ टक्क्यांच्या टॉप-अपमध्ये १५ वर्षांसाठी टाकले तर हप्ता १०,२५३ वरून थेट २,९५४ रुपयांवर येतो. मात्र १५ वर्षांत व्याज भरावे लागते सुमारे २.३२ लाख. दर कमी होऊनही व्याज तिपटीहून अधिक. टॉप-अप घ्यायचेच असेल तर मुदत जुन्या कर्जाइतकीच ठेवावी. तरच कमी दराचा फायदा पदरात पडतो.

रेपो दर घटला, मग हप्ता का घटला नाही?

१ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी फ्लोटिंग दराची गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य मानकाशी जोडावी लागतात आणि किमान तीन महिन्यांतून एकदा दराचा फेरआढावा घ्यावा लागतो. त्यामुळे या कर्जांचा दर घटला आहे. पण बहुतेक वेळा बँक हप्ता तसाच ठेवते आणि मुदत कमी करते. त्याआधीची, एमसीएलआरशी जोडलेली कर्जे मात्र उशिराने आणि कमी प्रमाणात स्वस्त होतात. अशा कर्जदारांनी शुल्क भरून रेपोशी जोडलेल्या दरावर जाणे फायद्याचे ठरते का, हे बँकेत विचारावे.

२०२० ते २०२२ दरम्यान कर्ज घेतलेल्यांसाठी आणखी एक कारण आहे. त्या काळात ६.७५ टक्क्यांना ३० लाखांचे २० वर्षांचे कर्ज घेतले असेल, तर हप्ता सुमारे २२,८०० रुपये होता. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर अडीच टक्क्यांनी वाढला. ९.२५ टक्क्यांनी ३० लाखांवर महिन्याचे केवळ व्याजच २३,१२५ रुपये होते. म्हणजे कर्ज नवे असेल तर जुन्या हप्त्यात व्याजही भागत नव्हते. अनेकांची मुदत यामुळे निवृत्तीच्या पलीकडे ताणली गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले, की व्याजाइतकाही हप्ता नसेल अशी वेळ येऊ देऊ नका आणि दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, याचा पर्याय कर्जदाराला द्या. आता दर उतरत असताना आधी ती ताणलेली मुदत आक्रसते आहे. बँकेच्या ॲपमध्ये ‘उर्वरित मुदत’ पाहिली की हे लगेच कळते.

हप्ता कमी करून घ्यावा की मुदत?

उदाहरणातील ४५ लाखांच्या कर्जाचा दर ९ वरून ७.७५ टक्क्यांवर आला असे समजू. हप्ता तोच ठेवला तर कर्ज २० ऐवजी साधारण १६ वर्षे ५ महिन्यांत संपते. हप्ता कमी करून घेतला तर तो ३६,९४३ रुपये होतो, महिन्याला ३,५४५ रुपये सुटतात. पहिल्या मार्गाने सुमारे ९ लाख रुपये व्याज वाचते, म्हणून बहुतेक सल्लागार मुदत कमी करा असेच सांगतात.

पण हे उत्तर प्रत्येकासाठी सारखे नाही. कार्डावर थकबाकी असेल, तर हप्ता कमी करून घ्यावा आणि सुटलेले ३,५४५ रुपये कार्डात भरावेत. आठ महिन्यांचे काम सहा महिन्यांत होते. देणी मिटल्यावर हप्ता पुन्हा वाढवून घेता येतो. व्यक्तीने घेतलेल्या फ्लोटिंग दराच्या गृहकर्जात मुदतीपूर्वी रक्कम भरल्यास बँक दंड आकारू शकत नाही.

महागडी देणी नसतील, तर प्रश्न उरतो तो गृहकर्ज आणि निवृत्ती यांचा. इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. सुटलेले ३,५४५ रुपये दरमहा ८ टक्क्यांनी २० वर्षे गुंतवले तर सुमारे २०.९ लाख जमतात. दुसरीकडे, कर्ज साडेतीन वर्षे आधी संपवून, नंतर तोच ४०,४८८ रुपयांचा हप्ता उरलेल्या महिन्यांत ८ टक्क्यांनी गुंतवला तर सुमारे २०.३ लाख जमतात. म्हणजे कर्जाचा दर आणि गुंतवणुकीचा परतावा सारखा असेल, तर दोन्ही रस्ते जवळपास एकाच ठिकाणी पोहोचतात. फरक पडतो तो दोन गोष्टींनी. करानंतर प्रत्यक्ष परतावा किती मिळतो? आणि सुटलेला पैसा खरोखर गुंतवला जातो की नव्या मोबाइलच्या हप्त्यात जातो? साडेसहा टक्क्यांच्या करपात्र मुदत ठेवीपेक्षा पावणेआठ टक्क्यांचे कर्ज फेडणे केव्हाही बरे. शेअर बाजारातील म्युच्युअल फंड अधिक देऊ शकतात, पण त्याची हमी नाही. व्याज मात्र नक्की वाचते.

पीएफ काढून गृहकर्ज फेडावे का?

शक्यतो नको. ईपीएफवर २०२४-२५ साठी ८.२५ टक्के व्याज मिळाले. हा दर दरवर्षी ठरतो, त्यामुळे तो कायम राहीलच असे नाही. पण ८ टक्क्यांच्या आतले कर्ज फेडण्यासाठी सव्वाआठ टक्के देणारी, साधारणपणे करमुक्त असलेली ठेव मोडण्यात गणिताच्या दृष्टीनेही फायदा नाही. वयाच्या ३८ व्या वर्षी काढलेले ५ लाख रुपये त्याच दराने ५८ व्या वर्षापर्यंत सुमारे २४.४ लाख झाले असते.

पेन्शन मिळेलच, या भरवशावर राहणाऱ्यांनी ईपीएस-९५ चे सूत्र पाहावे. पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे भागिले ७०. वेतनाची कमाल मर्यादा १५ हजार रुपये धरली, तर ३५ वर्षे नोकरी करूनही पेन्शन होते महिना ७,५०० रुपये. किमान पेन्शन २०१४ पासून १ हजार रुपये आहे. आज ५० हजारांत चालणारे घर निवृत्तीनंतर साडेसात हजारांत चालणार नाही. ती दरी पीएफच्या पुंजीनेच भरायची असते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने पैसे काढण्याच्या १३ वेगवेगळ्या तरतुदी तीन गटांत आणण्याचा निर्णय घेतला. पैसे काढणे सोपे करतानाच खात्यात २५ टक्के रक्कम राखून ठेवण्याची अटही ठेवली. या अटीवर तेव्हा टीका झाली, पण तिचा हेतू निवृत्तीच्या दिवशी खाते रिकामे असू नये हाच आहे.

पीएफला हात घालणे योग्य ठरते ते दोनच वेळा : घर घेताना स्वतःचा हिस्सा भरण्यासाठी १४-१५ टक्क्यांचे वैयक्तिक कर्ज टाळता येत असेल तेव्हा, किंवा नोकरी जाऊन हप्ते थकण्याची वेळ आली असेल तेव्हा. त्यातही गरजेपुरतीच रक्कम काढावी.

कर वाचतो म्हणून कर्ज सुरू ठेवावे का?

हा सल्ला आता बहुतेकांसाठी जुना झाला आहे. स्वतः राहत असलेल्या घराच्या गृहकर्जावरील २ लाखांपर्यंतच्या व्याजाची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. नवी करप्रणाली आता आपोआप लागू होते आणि त्यात १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर, पगारदारांना १२.७५ लाखांपर्यंत, सवलतीमुळे कर भरावा लागत नाही. नवी प्रणाली निवडलेल्यांना स्वतःच्या राहत्या घराच्या कर्जावर करलाभ नाही. त्यांच्यासाठी ७.७५ टक्के म्हणजे पूर्ण ७.७५ टक्केच.

नव्या प्रणालीत निवृत्तीसाठी एक सवलत मात्र टिकून आहे. कंपनीने कर्मचाऱ्याच्या एनपीएस खात्यात भरलेली, मूळ वेतनाच्या १४ टक्क्यांपर्यंतची रक्कम वजावटीस पात्र असते. ऐरोली, महापे परिसरातील आयटी कंपन्यांत काम करणाऱ्यांनी पगाराच्या रचनेत हा पर्याय आहे का, हे एचआरकडे विचारायला हरकत नाही.

हप्ता वयाच्या कितव्या वर्षी संपायला हवा?

पगार थांबण्याआधी, हे एकच उत्तर. ३८ व्या वर्षी २५ वर्षांचे कर्ज घेतले तर शेवटचा हप्ता ६३ व्या वर्षी येतो. खासगी नोकरीत ५८ किंवा ६० ला निवृत्ती असेल तर मधली वर्षे पीएफमधून हप्ते भरण्यात जातात. उपाय फार मोठा नाही. ८ टक्क्यांच्या ३० लाखांच्या कर्जाचा २५ वर्षांसाठीचा हप्ता सुमारे २३,१५५ रुपये आहे. दरवर्षी बोनसमधून एक जास्तीचा हप्ता भरला तर हे कर्ज साधारण २० वर्षांत, म्हणजे ५८ व्या वर्षी संपते. एवढे साधले की त्यापुढचा शिल्लक पैसा गृहकर्जात न ओतता निवृत्तीकडे वळवावा.

घर हीच म्हातारपणाची काठी, हे कितपत खरे?

अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ पासून उड्डाणे सुरू झाली. उलवे, पनवेलच्या पट्ट्यात ‘दुसरा फ्लॅट म्हणजेच पेन्शन’ असे म्हणणारे त्यामुळे वाढले आहेत. पण ९० लाखांच्या फ्लॅटला महिना २२ हजार भाडे मिळत असेल, तर वर्षाचे उत्पन्न २.६४ लाख, म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी. त्यातून देखभाल खर्च आणि मालमत्ता कर वजा होतो. तो फ्लॅट ८ टक्क्यांच्या कर्जावर घेतला असेल तर भाड्यातून व्याजाचा निम्मा भागही निघणार नाही. राहते घर भाडे वाचवते, ही मोठी गोष्ट आहे, पण औषधाचे बिल आले म्हणून त्याची एक खोली विकता येत नाही.

पीएफ नसलेल्यांनी काय करावे?

रिक्षाचालक, छोटे दुकानदार, वाशीच्या बाजार समितीतील व्यापाऱ्यांकडचे कामगार अशा अनेकांना पीएफ नाही. माथाडी मंडळात नोंद असलेल्यांचा पीएफ मंडळामार्फत जमा होतो, त्यांनी त्याचा हिशेब तपासावा. इतरांसाठी पीपीएफ आहे, त्यावर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के व्याज मिळते. एनपीएस सर्वांना खुली आहे. १८ ते ४० वयोगटातील, प्राप्तिकर न भरणाऱ्यांसाठी महिना १ ते ५ हजार रुपये पेन्शन देणारी अटल पेन्शन योजना आहे. उत्पन्न अनियमित असेल तर गृहकर्ज आधी फेडण्याची घाई करू नये, सहा महिन्यांच्या हप्त्यांइतकी रक्कम हाताशी ठेवणे जास्त महत्त्वाचे.

थोडक्यात क्रम कसा असावा?

१. सर्व हप्ते वेळेवर. पगारातून कापला जाणारा पीएफ सुरू ठेवावा, तो काढू नये.

२. एका महिन्याच्या घरखर्चाइतकी रक्कम बाजूला काढून क्रेडिट कार्डाची थकबाकी आधी संपवावी.

३. त्यानंतर किमान तीन, शक्य झाल्यास सहा महिन्यांचा खर्च आणि हप्ते भागतील इतकी आपत्कालीन शिल्लक. कमावत्या व्यक्तीचा मुदत विमा कर्जाच्या रकमेहून कमी नसावा. विम्याचा एकरकमी हप्ता गृहकर्जातच मिळवला जात असेल तर त्यावरही २० वर्षे व्याज लागते, हे ध्यानात ठेवावे.

४. मग वैयक्तिक कर्ज. ते संपले की सुटलेला हप्ता घरखर्चात मिसळू देऊ नये. उदाहरणातील कुटुंबाचे १०,२५३ रुपये इथेच मोकळे होतात.

५. गृहकर्ज निवृत्तीआधी संपेल इतकीच जादा रक्कम त्यात भरावी. बाकीचे पैसे ऐच्छिक पीएफ, एनपीएस किंवा म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत. ऐच्छिक पीएफमध्ये स्वतःचे एकूण योगदान वर्षाला २.५ लाखांहून अधिक झाले, तर वरच्या रकमेवरील व्याज करपात्र असते.

घरासाठी बँक २० वर्षांचे कर्ज देते. निवृत्तीनंतरच्या घरखर्चासाठी पगाराशिवाय असे कर्ज सहजासहजी मिळत नाही. म्हणून पैसे कमी पडत असतील तेव्हा गृहकर्ज त्याच्या ठरलेल्या गतीने जाऊ द्यावे, पण निवृत्तीचे खाते शून्यावर ठेवू नये. या आठवड्यात बँकेच्या ॲपमध्ये उर्वरित मुदत आणि सध्याचा दर, तर ईपीएफओच्या पासबुकमध्ये शिल्लक पाहून घेतली, तरी आपण या क्रमात कितव्या पायरीवर आहोत हे समजेल.